हिमदेशीचा लांडगा : एका कल्पित श्वापदाच्या निसर्गेतिहासाची प्रस्तावना

कवींनी आणि कथाकारांनी निर्माण केलेल्या श्वापदांना दंष्ट्रा असतात, नखे असतात, अंधारात जळणारे नेत्र असतात. परंतु ती काय खातात, किती खातात, ते भक्ष्य त्या भूमीवर कोठून उपजते, आणि ते न मिळाल्यास त्यांची पिल्ले किती दिवस तग धरतात, हे प्रश्न त्यांच्या निर्मात्यांच्या मनाला बहुधा शिवत नाहीत. नायकाच्या मार्गातील अडथळा म्हणून ते श्वापद प्रकट होते, नायकाच्या खड्गाने ते पडते, आणि त्या दोन क्षणांच्या आधी वा नंतर त्याला जीवन म्हणून काही नसतेच. या सर्वसाधारण शिरस्त्याला एक ठळक अपवाद आहे, आणि तो उत्तरेच्या लांडग्याचा. आइसलंडातील स्नॉरी स्टुर्लुसन याने तेराव्या शतकाच्या पूर्वार्धात आपल्या गद्य 'एड्डा'त फेनरिर नामक महावृकाची कथा लिहून ठेवली, तेव्हापासून टॉल्किन यांच्या 'वॉर्ग' श्वापदांपर्यंत, आणि तेथून जॉर्ज मार्टिन यांनी १९९६ साली 'अ गेम ऑफ थ्रोन्स' या कादंबरीत आणलेल्या डायरवुल्फपर्यंत, या एकाच प्राण्याने कल्पित जगांच्या हिममय सरहद्दीवर आपला अंमल कायम राखला आहे. आणि त्याच्या या दीर्घायुष्याचे कारण, माझ्या मते, त्याची भूक खरी आहे हेच होय.

जे अस्तित्वातच नाही त्याचा निसर्गेतिहास कसला लिहावयाचा, असा आक्षेप कोणी घेईल, आणि तो अगदीच अनुचित म्हणता येणार नाही. परंतु निसर्गेतिहास म्हणजे केवळ अस्थींची मापे आणि कातड्यांच्या वर्णांची यादी नसून, एका प्राण्याचे त्याच्या भूमीशी, ऋतूशी, भक्ष्याशी आणि स्वजातीयांशी जे संबंध असतात त्यांचा तो वृत्तान्त आहे. आणि हे संबंध एकदा का लेखकाने मांडले, म्हणजे 'येथे बर्फ पडते, येथे हरणांचे कळप चरतात, येथे हा प्राणी पिल्लांना जन्म देतो' इतके जरी त्याने लिहिले, तरी त्यापुढचा हिशेब त्याच्या मर्जीवर राहत नाही. तो हिशेब उष्णतेचा, मांसाचा आणि अंतराचा असतो, व तो आपल्या जगात जसा चालतो तसाच त्या जगातही चालावा लागतो. जेथे तो चालत नाही तेथे वाचकाला कारण सांगता आले नाही तरी काहीतरी खोटे असल्याची जाणीव होते. पुढील प्रकरणांत या श्वापदाकडे मी पाहिले आहे ते याच दृष्टीने.

आरंभ फेनरिरपासूनच केला पाहिजे. नॉर्स पुराणातील लोकी आणि अंगरबोदा यांच्या तीन भयंकर अपत्यांपैकी हा एक. देवांनी त्याला आपल्याच निवासात वाढविले, आणि त्याच्या तोंडाशी अन्न नेण्याचे धैर्य एकट्या ट्यूर देवाला होते. कथेचा सारा भार या एका तपशिलावर आहे, असे मला वाटते. तो वृक दिवसेंदिवस वाढत जातो, आणि देवांना त्याच्या क्रौर्याहून त्याच्या वाढीचेच भय अधिक वाटते. दोन लोहशृंखला तो तोडून टाकतो. तेव्हा वामनजातीचे कारागीर मांजराच्या पावलांचा आवाज, स्त्रीची दाढी, पर्वताची मुळे, अस्वलाचे स्नायू, माशाचा श्वास आणि पक्ष्याची लाळ या सहा वस्तूंपासून ग्लाइपनिर नावाची रेशमासारखी मऊ फीत तयार करतात. कपटाचा संशय येऊन वृक सांगतो की कोणीतरी आपला हात माझ्या मुखात ठेवावा, तरच मी ही फीत बांधून घेईन. आणि ज्याने त्याला आजवर भरविले तोच ट्यूर आपला उजवा हात पुढे करतो व तो गमावतो. भरविणाऱ्याचाच हात जावा, ही कल्पना ज्या समाजाने लांडग्यांच्या शेजारी पिढ्यान्पिढ्या हिवाळे काढले त्यालाच सुचू शकते. पुढे प्रलयकाळी फेनरिर प्रत्यक्ष देवाधिपती ओडिनला गिळतो आणि ओडिनपुत्र विदार त्याचा जबडा फाडतो. स्कॉल आणि हाती हे दुसरे दोन वृक अनुक्रमे सूर्याच्या आणि चंद्राच्या मागे अखंड धावत असतात. आपल्या राहूला पोट नाही, म्हणून त्याने गिळलेला सूर्य पुन्हा बाहेर येतो; उत्तरेच्या वृकाला पोट आहे, म्हणून त्याने अखेरीस गिळलेला सूर्य परत येत नाही. आर्यावर्तातही वृकाच्या क्षुधेची आठवण होतीच. भीमसेनाला 'वृकोदर' म्हणणाऱ्या व्यासांना तिची मात्रा ठाऊक होती.

या क्षुधेमागे जे शरीर आहे त्याचा विचार करताना मला दख्खनपासून सुरुवात करणे सोयीचे वाटते, आणि त्याला एक ऐतिहासिक आधारही आहे. मुंबई सरकारच्या सेवेत दख्खनचे सांख्यिकी वृत्तान्त जमा करणाऱ्या विल्यम हेन्री साइक्स या लष्करी अधिकाऱ्याने १८३१ साली येथील लांडग्याचे शास्त्रीय वर्णन प्रसिद्ध करून त्याला 'कॅनिस पॅलिपेस' हे नाव दिले. सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांच्या माळरानांवर आजही आढळणारा हा प्राणी विसाएक किलो वजनाचा, अंगाने सडपातळ, विरळ केसांचा आणि लांब कानांचा असतो. त्याच जातीचा उत्तर कॅनडातील लांडगा चाळीस ते पन्नास किलोंचा, आखूड कानांचा आणि दुहेरी लवीचा असतो. एकाच जातीच्या या दोन रूपांतील भेदाचे कारण कार्ल बेर्गमान या जर्मन शास्त्रज्ञाने १८४७ साली सांगितले : शरीर जितके मोठे तितके त्याच्या घनफळाच्या मानाने पृष्ठफळ कमी, आणि म्हणून उष्णतेचा ऱ्हासही कमी. कान, शेपूट, मुस्कट हे उघडे अवयव शीत प्रदेशात आखूड होत जातात, हा जोएल ॲलन यांचा १८७७ सालचा नियम त्याला पूरक आहे. तेव्हा कल्पित हिमदेशातील लांडगा आपल्या परिचयाच्या लांडग्याहून मोठा असावा, ही कथाकाराची अतिशयोक्ती नाही. ती निसर्गाच्याच दिशेने टाकलेली आणखी काही पावले आहेत. हिमावर उभा राहणाऱ्या या प्राण्याच्या पायांची रचना तर विशेष मनन करण्यासारखी आहे. पंजाकडे जाणाऱ्या उष्ण रक्ताच्या वाहिन्या आणि पंजाकडून परतणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्या एकमेकींना इतक्या लगटून असतात की जाणारे रक्त आपली उष्णता येणाऱ्या रक्ताला देऊन टाकते, आणि तळवा गोठण्याच्या जेमतेम वर राहतो. त्याहून अधिक ऊब त्याला पुरविणे म्हणजे बर्फाला ऊब देणे, आणि तेवढी उधळपट्टी या शरीराला परवडत नाही.

आता जमाखर्चाकडे वळू. मार्टिन यांच्या कादंबरीच्या आरंभी, उत्तरेच्या हिमात मरून पडलेली डायरवुल्फची मादी ब्रॅन नावाच्या मुलाच्या तट्टाहून मोठी असल्याचे सांगितले आहे. हे प्रमाण शब्दशः धरून अशा प्राण्याचे वजन दोनशे किलो मानू, आणि कळपात आठ प्राणी धरू. क्रिस कार्बोन आणि जॉन गिटलमन या प्राणिशास्त्रज्ञांनी २००२ साली अनेक मांसभक्षकांची आकडेवारी एकत्र करून असे दाखविले की सुमारे १०,००० किलो जिवंत भक्ष्याच्या आधारावर सरासरी ९० किलो वजनाचे मांसभक्षक जगू शकतात. त्या मानाने १,६०० किलोंच्या या कळपाला सुमारे १,७८,००० किलो भक्ष्य, म्हणजे शंभर किलोंचे एक याप्रमाणे सतराशे-अठराशे रेनडिअर, नित्य जिवंत असलेले लागतील. मारावयाचे ते नव्हेत. ज्यांच्या वाढाव्यातून दरसाल थोडे मारता येतील असे. पंचेचाळीस किलोंच्या आठ सामान्य लांडग्यांना त्याच हिशेबाने चारशे पुरतात. जेथे गवत वर्षातून काही आठवडेच वाढते अशा भूमीवर एवढे प्राणी एका ठिकाणी चरू शकत नाहीत. ते शेकडो मैल हिंडतात, आणि त्यांच्यामागे कळपालाही हिंडावे लागते किंवा फार मोठा मुलूख राखावा लागतो. हा आकडा ढोबळ आहे हे मान्य करूनही त्यातून एक गोष्ट निःसंशय निघते की असा प्राणी दुर्मीळच असला पाहिजे. उत्तर सरहद्दीवरील भिंतीच्या दक्षिणेस दोनशे वर्षांत डायरवुल्फ कोणी पाहिलेला नाही, हे कादंबरीतील एका पात्राचे वाक्य मी प्रथम केवळ वातावरणनिर्मितीसाठी योजलेले समजत असे. हिशेब मांडल्यावर ते प्राणिशास्त्राचे विधान वाटू लागते. भिंतीपलीकडे मार्टिन यांनी मॅमथ ठेवले आहेत, एल्क ठेवले आहेत. तेव्हा एवढ्या मोठ्या जबड्याला साजेसे भक्ष्यही त्यांच्या भूगोलात आहे. ती मादी भक्ष्याच्याच शृंगाने मेली, तेही योग्यच आहे. लांडग्याच्या दहा प्रयत्नांत एखादाच सफल होतो. खुरांच्या आघाताने मोडून पुन्हा सांधलेल्या बरगड्या रानटी लांडग्यांच्या सांगाड्यांत वारंवार आढळतात, आणि शिकारी प्राण्याचा मृत्यू बहुधा त्याच्या भक्ष्याच्या पायाशी किंवा उपासमारीत होतो.

मार्टिन यांच्या वेस्टेरॉस या कल्पित भूमीच्या ऋतुचक्राचा प्रश्न याहून बिकट आहे, कारण तेथे हिवाळा वर्षानुवर्षे टिकू शकतो. सामान्य समज असा की हिवाळा हा लांडग्याचा दुष्काळ असावा. वस्तुस्थिती बरीचशी उलट आहे. खोल बर्फात हरणाचे अणकुचीदार खूर रुततात आणि लांडग्याचा पसरट पंजा तरंगतो. हिवाळ्याच्या उत्तरार्धात कृश झालेले कळप हाती लागतात, आणि तोच लांडग्याच्या सुबत्तेचा काळ असतो. उन्हाळ्यात भक्ष्य धष्टपुष्ट व चपळ असते, आणि बिळात दूध पिणारी पिल्ले असल्यामुळे कळपाला लांब जाता येत नाही. तेव्हा अनेक वर्षांच्या हिवाळ्याचे पहिले वर्ष डायरवुल्फला समृद्धीचे जाईल. दुसऱ्या वर्षी गवताअभावी कळप मरू लागतील आणि प्रेतांवरही पोट भरेल. परंतु तिसऱ्या वर्षी मारावयास काहीच उरणार नाही, आणि जो दक्षिणेकडे सरकला नाही तो मरेल. या दृष्टीने पाहता कथेच्या पहिल्याच प्रकरणात, पानगळ सुरू होण्याच्या सुमारास, दोन शतकांनंतर एक नुकतीच व्यालेली मादी दक्षिणेत दिसावी, ही घटना शकुन म्हणून वाचण्याची आवश्यकता राहत नाही. भक्ष्य सरकले म्हणून भक्षक सरकला. ब्रॅनच्या स्टार्क कुळातील माणसांनी तिला शकुन मानले, आणि माणसे तसेच करतात. परंतु निसर्गाला जे आधी कळते ते माणसाला शकुनाच्या रूपाने उशिरा कळते, असा त्या प्रसंगाचा मी केलेला अर्थ आहे, आणि तो मला अधिक गंभीर वाटतो.

टॉल्किन यांच्याविषयी माझे मत मिश्र आहे. १९३७ साली प्रसिद्ध झालेल्या 'द हॉबिट'मधील वॉर्गना स्वतःची भाषा आहे, जमण्याची ठरलेली मोकळी जागा आहे, अग्नीचे खरेखुरे भय आहे, आणि गॉब्लिनांशी त्यांचा जो करार आहे तो लुटीच्या वाटणीचा आहे. दुष्ट असूनही ती जिवंत जनावरे आहेत. पुढे 'द लॉर्ड ऑफ द रिंग्ज'मध्ये रात्रीच्या हल्ल्यात मारले गेलेले लांडगे पहाट झाली तेव्हा दिसेनासे झालेले असतात. एकही प्रेत राहिलेले नसते. ज्याचे प्रेत राहत नाही त्याला देह नव्हता, आणि देह नव्हता तर भूकही नव्हती. येथे तो महान लेखक निसर्ग सोडून मायेकडे गेला, आणि भय वाढण्याऐवजी ओसरले असे मला प्रामाणिकपणे वाटते. परंतु त्याच ग्रंथात अन्यत्र एक ओझरता उल्लेख आहे, की तिसऱ्या युगाच्या २९११ साली घोर हिवाळा पडून नदी गोठली आणि गोठलेल्या पात्रावरून उत्तरेचे श्वेत लांडगे शायरच्या शांत मुलखात उतरले. या एका उल्लेखात वॉर्गांच्या सगळ्या हल्ल्यांहून अधिक निसर्गेतिहास आहे. गोठलेले पाणी हा लांडग्याचा पूल होय. उत्तर अमेरिकेतील सुपीरिअर सरोवरात आयल रॉयल नावाचे बेट आहे. विसाव्या शतकाच्या आरंभी मूस हे थोर हरीण तेथे पोचले, आणि १९४९ च्या सुमारास गोठलेल्या सरोवरावरून काही लांडगे चालत आले. १९५८ पासून त्या बेटावरील भक्ष्य-भक्षकांची गणना होत आली आहे, आणि एवढा दीर्घ अभ्यास अन्यत्र क्वचितच झाला असेल. पुढे हिवाळे सौम्य होऊ लागले, बर्फाचा पूल क्वचितच बांधला जाऊ लागला, बाहेरचे रक्त येणे थांबले, आणि अखेर दोनच लांडगे उरले, तेही परस्परांचे इतके निकटचे आप्त की त्यांची संतती टिकण्याची आशा नव्हती. २०१८ आणि २०१९ या वर्षांत अन्य ठिकाणचे एकोणीस लांडगे तेथे नेऊन सोडावे लागले.

लांडग्याच्या कुटुंबाविषयी जो भ्रम सर्वत्र पसरला आहे, त्याचाही येथे परामर्श घेणे प्राप्त आहे, कारण कल्पित साहित्यावर त्याची गडद छाया आहे. रुडॉल्फ शेंकेल या स्विस अभ्यासकाने १९४७ साली बासल येथील प्राणिसंग्रहालयात कोंडलेल्या लांडग्यांचे निरीक्षण करून असे लिहिले की कळपात वर्चस्वासाठी सतत झुंज चालते. परस्परांशी नाते नसलेले प्राणी एका कुंपणात कोंडले की असे होणारच. परंतु त्यावरून 'अल्फा' म्हणजे दंडेलीने राज्य करणारा अधिपती, ही कल्पना रूढ झाली, आणि डेव्हिड मेक यांच्या १९७० सालच्या ग्रंथाने तिचा प्रसार झाला. त्याच मेक यांनी पुढे १९८६ पासून अनेक उन्हाळे एल्समीर बेटावरील मुक्त लांडग्यांच्या सहवासात काढले, आणि कळप म्हणजे आई, बाप आणि त्यांची दोन-तीन वर्षांची मुले असलेले एक कुटुंब असते, असे १९९९ साली स्वच्छ लिहून आपल्याच पूर्वीच्या प्रतिपादनाचे निरसन केले. त्रेसष्ट दिवसांच्या गर्भवासानंतर जन्मलेल्या चार-सहा पिल्लांना मोठी भावंडे पोटातून मांस परत काढून भरवितात. नायकत्व म्हणजे तेथे बहुधा मातापित्यांचे वडीलपण असते. मार्टिन यांनी त्या मृत मादीची सहा पिल्ले स्टार्क कुळातील सहा भावंडांच्या हाती दिली, आणि पुढे ती भावंडे विखुरताच पिल्लेही विखुरली, कोणी मारले गेले, कोणी नदीकाठच्या मुलखात अनोळखी लांडग्यांचा मोठा कळप जमवून राहिले. या योजनेत लांडग्याच्या कुटुंबस्वभावाची जाण आहे. वर्चस्वाच्या झुंजी लिहून काढणे त्यांना सहज शक्य होते, आणि ते त्यांनी टाळले याबद्दल मला त्यांच्याविषयी आदर वाटतो.

ज्या वाचकांना 'डायरवुल्फ' हे नाव कादंबरीतूनच ठाऊक आहे त्यांना हा प्राणी एके काळी खरोखर पृथ्वीवर होता, हे वाचून आश्चर्य वाटेल. अमेरिकेत ओहायो नदीच्या काठी, इव्हान्सव्हिल गावाजवळ मिळालेल्या एका जबड्यावरून जोसेफ लायडी यांनी १८५४ साली त्याचे पहिले वर्णन केले, आणि १८५८ साली त्याला 'डायरस', म्हणजे भयानक, हे विशेषण जोडले. परंतु त्याची खरी ओळख पटली ती लॉस एंजलिस शहरातील ला ब्रेआ येथील डांबराच्या डबक्यांत. भूगर्भातून पाझरणाऱ्या चिकट डांबरात एखादा बायसन किंवा घोडा रुतावा, त्याच्या आक्रंदनाने लांडग्यांचे कळप जमावेत, आणि तेही तेथेच रुतावेत, असे हजारो वर्षे चालले. त्यामुळे तेथे भक्ष्यांहून भक्षकांच्याच अस्थी अधिक सापडतात, आणि त्यांत डायर वुल्फ सर्वांत संख्येने मोठा आहे. चार हजारांहून अधिक प्राण्यांचे अवशेष तेथून निघाले. त्यांच्या चारशे चार कवट्या तेथील संग्रहालयाच्या एका भिंतीवर मांडलेल्या आहेत. तो आजच्या मोठ्यात मोठ्या लांडग्यांएवढाच उंच, साठ-सत्तर किलोंचा, परंतु हाडापेराने दणकट आणि अधिक थोर दातांचा होता. त्या दातांपैकी मोडलेल्यांचे प्रमाण आजच्या मांसभक्षकांच्या मानाने बरेच अधिक असल्याचे ब्लेअर व्हॅन व्हॅल्केनबर्ग यांनी दाखविले आहे. हाडे शेवटच्या कणापर्यंत फोडून खाल्ल्याखेरीज दात असे मोडत नाहीत, तेव्हा त्या विपुलतेच्या दिसणाऱ्या भूमीतही मांसासाठी तीव्र स्पर्धा होती.

या अस्थींनी सांगितलेल्या दोन गोष्टी मात्र कल्पित हिमदेशाच्या चित्राशी विसंगत आहेत, आणि त्या मी लपवू इच्छित नाही. पहिली ही की डायर वुल्फ हा मूलतः उत्तरेचा प्राणी नव्हता. त्याचे अवशेष कॅनडाच्या दक्षिण भागापासून थेट दक्षिण अमेरिकेपर्यंत मिळतात. कॅलिफोर्निया, फ्लोरिडा अशा सौम्य व उष्ण प्रदेशांत तो भरभराटीस आला होता, आणि अलास्काच्या हिमात राज्य होते ते करड्या लांडग्याचेच. दुसरी ही की तो वंशाने लांडगाच नव्हता. २०२१ साली 'नेचर' नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या आनुवंशिक अभ्यासाने असे दाखविले की त्याची शाखा सुमारे सत्तावन्न लाख वर्षांपूर्वीच वेगळी झाली होती, आणि जॉन मेरियम यांनी १९१८ साली सुचविलेले 'एनोसायॉन' हे स्वतंत्र कुलनाम पुन्हा स्वीकारावे लागले. करड्या लांडग्याशी त्याचे रूपसाम्य हे सारख्या उद्योगाने आलेले साम्य आहे. हिमयुगाच्या अखेरीस मोठे शाकाहारी प्राणी नाहीसे झाले तेव्हा केवळ थोर भक्ष्यावर बेतलेला हा प्राणी त्यांच्यामागोमाग गेला, आणि सशापासून मूसपर्यंत जे मिळेल त्यावर निभावणारा करडा लांडगा मागे राहिला, ही उपपत्ती मला सर्वांत पटते. मार्टिन यांनी या दक्षिणी प्राण्याला उत्तरेत नेले, त्याला करड्या लांडग्याचे कुटुंब दिले आणि बेर्गमानच्या नियमाने त्याचे शरीर वाढविले. म्हणजे नाव एकाचे आणि स्वभाव दुसऱ्याचा. कादंबरीकाराला तो अधिकार आहे. परंतु एप्रिल २०२५ मध्ये एका अमेरिकन कंपनीने करड्या लांडग्याच्या पेशींतील चौदा जनुकांत वीस ठिकाणी फेरफार करून जन्मास घातलेली तीन श्वेत पिल्ले हाच पुनर्जात डायर वुल्फ होय असे जगाला सांगितले, आणि त्यांतील मादीचे नाव खालिसी असे त्याच कथामालेतून घेतले, तेव्हा त्या अधिकाराची हद्द ओलांडली गेली. सत्तावन्न लाख वर्षांचा वियोग वीस फेरफारांनी भरून निघत नाही. ती पिल्ले करडे लांडगेच आहेत, आणि जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या श्वानकुल-तज्ज्ञांनीही तसाच निर्वाळा दिला आहे.

कल्पनेतील लांडग्याची किंमत खऱ्या लांडग्याने मोजली, ही या विषयाची दुःखद बाजू आहे, आणि तिच्यामुळेच मला हे लेखन केवळ करमणुकीचे मानता येत नाही. ज्या उत्तरेने फेनरिर रचला तिनेच १८४५ साली नॉर्वेत कायदा करून लांडगा, अस्वल, लिंक्स आणि वुल्व्हरिन यांच्या वधाबद्दल सरकारी इनामे लावली. स्वीडनमध्ये १९६६ साली लांडग्याला संरक्षण मिळाले तेव्हा संरक्षण देण्यास तेथे जवळजवळ काही उरलेच नव्हते. १९८३ साली व्हर्मलांड प्रांतात पुन्हा पिल्ले जन्मली ती फार दुरून, पूर्वेकडून, चालत आलेल्या जोडीची. अमेरिकेत यलोस्टोनमधील शेवटचे लांडगे १९२६ साली मारले गेले, आणि १९९५-९६ मध्ये कॅनडातून एकतीस लांडगे आणून तेथे सोडावे लागले. हिंदुस्थानातही ब्रिटिश अंमलात लांडग्याच्या कातड्यावर बक्षीस मिळत असे. आपल्या वेदकाळी या द्वेषाच्या जोडीला दुसराही एक भाव होता. ऋज्राश्वाने एका वृकीला शंभर मेंढे देऊन टाकले, म्हणून पित्याने त्याला अंध केले. त्या अंधासाठी खुद्द वृकीनेच अश्विनांना साद घातली, आणि त्यांनी त्याला दृष्टी दिली, अशी कथा ऋग्वेदात आहे. मेंढ्या गमावणाऱ्या पित्याचा कोप त्या कथेने नाकारलेला नाही, आणि भुकेलेल्या मादीची कृतज्ञताही नाकारलेली नाही. दख्खनच्या माळावर आज हा प्रश्न त्याच स्वरूपात उभा आहे : महसुली दप्तरात जी जमीन 'पडीक' म्हणून लागली आहे तेथेच लांडग्याचे बीळ असते, तेथेच मेंढपाळाचा वाडा बसतो, आणि त्या पडीक शब्दाच्या आधारे तो माळ नांगरला गेला की दोघांचीही वहिवाट बुडते. शाळेत 'लांडगा आला रे आला' ऐकून वाढलेल्या आपल्या मुलांपैकी फारच थोड्यांनी लांडगा पाहिलेला आहे, आणि डायरवुल्फची सहाही नावे मात्र त्यांतील पुष्कळांना मुखोद्गत आहेत. त्या आवडीला मी नावे ठेवीत नाही. तिच्याच आधाराने त्यांना खऱ्या प्राण्यापर्यंत नेता येईल, असा माझा विश्वास आहे.

ग्रंथाच्या मांडणीविषयी थोडे सांगून थांबतो. माणसाने लांडग्याच्या देहात प्रवेश करण्याचा जो चमत्कार मार्टिन यांनी वर्णिला आहे त्याची चर्चा मी जाणूनबुजून केलेली नाही, कारण तो मनुष्याच्या इतिहासाचा भाग आहे, लांडग्याच्या नव्हे. वृकमानवाच्या कथाही त्याच कारणाने वगळल्या आहेत. आकड्यांचा विस्तार भक्ष्याच्या प्रकरणात एकत्र केला आहे, म्हणजे ज्यांना तो नको असेल त्यांना ओलांडून जाता येईल. परंतु ते प्रकरण ओलांडू नये अशी माझी विनंती आहे, कारण पुढील प्रत्येक विधान, मग ते बिळाविषयी असो, आरोळीविषयी असो वा गोठलेल्या नदीविषयी, त्या प्रकरणातील हिशेबावर उभे आहे. ज्यांनी त्या कादंबऱ्या वाचलेल्या नाहीत त्यांनी ला ब्रेआच्या प्रकरणापासून आरंभ केला तरी चालेल. तेथे कल्पनेची मदत लागत नाही.